बतूलनं तोंड उघडलं

बतूल सोळा वर्षांची असताना तिचा दात पहिल्यांदा हलला. सफ्रू गावातल्या इतर पोरीबाळींसारखी तीही आईबरोबर दारात बसून जलाब्याच्या, म्हणजे पायघोळ झग्याच्या, रेशमी गुंड्या करायची. गुंडी पुरी झाली की दोरा दातांत धरायचा, मान हलकेच झटकायची, की दोरा तुटला. अंगाला ही सवय इतकी की त्याकडं कुणाचं लक्षही नसायचं. त्या दिवशी बतूलनं दोरा धरला, मान झटकली आणि दोरा तसाच राहिला. खालचा पुढचा दात मात्र दोऱ्याबरोबर पुढं आला.

दुखलं नाही. टचकन पाणी यावं असं काहीच झालं नाही. तिनं जिभेनं दात चाचपून पाहिला. दुधाचा दात पडायला आला की हलतो तसा तो मागंपुढं होत होता. पण दुधाचे दात पडून तर किती वर्षं झाली होती! ती उठून आत गेली आणि भिंतीवरच्या आरशापुढं उभी राहिली. दात पांढराशुभ्र होता. कीड नाही, डाग नाही, हिरडीला सूजसुद्धा नाही. कीड दिसली असती तर निदान कशाला तरी दोष देता आला असता. धडधाकट दात आपल्या जागेवरून सुटतोय, त्याचा दोष कुणाला देणार?

तिच्या आईच्या, तामूच्या, तोंडात तेव्हा वरचे दोन सुळे तेवढे उरले होते. तामू म्हातारी नव्हती. केस काळे होते, पाण्याचे हंडे एकटी उचलायची, पण तोंड मिटलं की गाल आत जाऊन ती आजीबाई दिसायची. थोरली बहीण हनिया लग्न होऊन डोंगरातल्या गावी गेली होती, आणि गेल्या ईदला आली तेव्हा तिच्याही पुढच्या दातांत फट दिसत होती. बतूलनं ते पाहिलं होतं आणि पाहिलंच नाही असं स्वतःला पटवलं होतं.

दुसऱ्या दिवसापासून ती कात्री घेऊन बसायला लागली.

"कात्री कशाला गं?" तामूनं विचारलं. "तोंडाला काय झालंय?"

"काही नाही, यम्मा. रेशमाचा रंग ओठांना लागतो."

तामूचा हात थांबला. तिनं लेकीकडं टक लावून पाहिलं. "दाखव."

"काही नाही म्हटलं ना!"

तामूनं पुन्हा विचारलं नाही. तिलाही बघायचं नव्हतं. तिनं मान खाली घातली आणि सुई पुढं चालवली, पण पुढच्या दोन गुंड्या तिला उसवाव्या लागल्या. सकाळी बतूलच्या उशीजवळ आक्रोडाच्या सालीचा तुकडा ठेवलेला होता. "रोज घास," तामू चुलीकडं तोंड करून म्हणाली. "आपल्या घराला कुणाची तरी नजर लागलीय. मी वेळेवर घासले नाहीत, तू तरी घास."

बतूलनं घासले. साल घासली की हिरड्या लालभडक होतात, ते बायकांना आवडतं. पण हिच्या थुंकीत खरंच रक्त आलं. रक्त पाहून ती इतकी भ्याली की त्या दिवसापासून तिनं हिरड्यांना बोट लावायचंच सोडून दिलं. जे हलतंय त्याला हात लावू नये, हलक्या हातानं, मऊ मऊ खाऊन ते जपावं, म्हणजे कदाचित टिकेल, असं तिच्या मनानं घेतलं. तिच्या हातून झालेली ही सगळ्यात वाईट गोष्ट होती. पण तेव्हा तिला ते सांगणार कोण?

दोन वर्षांनी गल्लीतल्या लाल्ला रकियानं, म्हणजे रकियाबाईनं, तिला हमामात, बायकांच्या सार्वजनिक न्हाणीघरात, गाठलं. लाल्ला रकियाचा मुलगा इद्रिस सफ्रू ते फेस शहर अशी टॅक्सी चालवायचा, आणि त्याच्यासाठी ती पोरगी शोधते आहे हे अख्ख्या गल्लीला ठाऊक होतं. हमामात पोरगी बघायची म्हणजे सगळीच बघता येते. वाफेत बसून लाल्ला रकियानं तिचे केस बघितले, पाठ बघितली, बादली उचलून देताना दंड बघितले. अंघोळी उरकून बायका बाहेरच्या खोलीत टॉवेल गुंडाळून बसल्या, तेव्हा तिनं पिशवीतून टरफलासकट बदाम काढले.

"घे पोरी. फोड दातांनी. आमच्या वेळी आम्ही दगड फोडायचो."

आजूबाजूच्या बायका हसल्या. पुढच्या दातांनी फोडायचा प्रश्नच नव्हता. मागच्या दाढाही अलीकडं चावताना खाली दबल्यासारख्या वाटायच्या. तिनं बदाम जिभेनं सरकवत मधल्या दातांवर नेला, डोळे मिटले आणि जबडा दाबला. कटकन आवाज झाला. बदाम फुटला की दात, हे तिला क्षणभर कळेना. मग जिभेवर खारट चव आली. तिनं रक्त, टरफल, बदाम सगळं एकदम गिळलं आणि ओठ मिटून हसली.

"बघा कशी लाजते!" लाल्ला रकिया खूश होऊन म्हणाली. "नाहीतर आजकालच्या पोरी, हसल्या की घशातलं दिसतं."

अशा रीतीनं तिचं लग्न ठरलं.

इद्रिस चांगला निघाला. बडबड्या, हसरा, घरी येताना प्रवाशांचे किस्से घेऊन येणारा. बतूल ते ऐकायची आणि तोंडावर ओढणीचं टोक धरून हसायची. "माझी बायको हसते की खोकते, मला अजून कळलेलं नाही," तो चिडवायचा. तिला हे चिडवणं आवडायचं आणि त्याचीच धास्तीही वाटायची. कधीतरी तो ओढणी गमतीत ओढेल, मग काय?

पहिला दात जेवताना पडला. सगळे एका थाळीभोवती बसले होते, लाल्ला रकिया समोर, इद्रिस शेजारी. बतूलनं रोटीचा तुकडा रश्श्यात बुडवून तोंडात घातला आणि घासात काहीतरी टणक लागलं. खडा असेल म्हणून जिभेनं बाजूला केला, तर जिथं दात असायचा तिथं जीभ आरपार गेली. बाहेर काढावा तर सासू समोर. थुंकायला उठावं तर नवरा विचारणार. तिनं पाण्याचा पेला उचलला आणि दात घासाबरोबर गिळून टाकला.

"ठसका लागला?" इद्रिसनं विचारलं.

तिनं मान हलवली.

त्यानंतर एकेक करून गेले. कधी बाजारातल्या दात काढणाऱ्या मअल्लमनं काढले, कधी तिनंच चिमटीत धरून. मअल्लमला काढायला जोर लावावा लागायचा नाही. "तुझे तर नुसते ठेवलेलेच आहेत गं," तो एकदा म्हणाला, आणि ते वाक्य तिच्या डोक्यातून कित्येक महिने गेलं नाही. शेवटी माहेरी जाते म्हणून सांगून ती फेसला गेली आणि एका गल्लीतल्या दात बसवणाऱ्याकडून पुढच्या दातांची पट्टी करून आली. उरलेल्या दातांना तारेनं अडकवलेली ती पट्टी तिनं कधी इद्रिससमोर काढली नाही. मोरीचं दार लावून काढायची, धुवायची, पुन्हा घालायची. इद्रिसला काही माहीत होतं की नाही, हे तिला माहीत नव्हतं. दोघांनी कधी त्या विषयाला हात घातला नाही.

रीम जन्माला आली तेव्हा या सगळ्याचा बतूलला जरा विसर पडला. पोरगी गोड होती, खादाड होती. तिला दात यायच्या आधी बतूल रोटी आणि खजूर स्वतःच्या तोंडात मऊ करून तिला भरवायची, सगळ्याच आया भरवतात तशी. पहिला दात हिरडीतून वर आला तेव्हा इद्रिसनं टॅक्सीतल्या प्रवाशांना खारका वाटल्या. बतूलही हसली, पण त्या पांढऱ्या टोकाकडं बघताना तिच्या मनात पाल चुकचुकली. हा कसा धरून बसलाय? कशाच्या आधारावर?

रीम तेरा वर्षांची झाली त्या वसंतातली गोष्ट. सकाळी अंथरुणं काढताना बतूलला रीमच्या उशीवर डाग दिसला. फिकट गुलाबी, लाळेत मिसळलेला. तिनं उशी हातात घेतली.

"रीम! इकडं ये. तोंड उघड."

"का?"

"उघड म्हणते ना."

"काही नाही, यम्मा." रीम दोन पावलं मागं सरली. "झोपेत गाल चावला असेल."

हाच सूर, हेच शब्द. आपण आपल्या आईला असंच टोलवलं होतं, हे बतूलच्या ध्यानात आलं. तामूनं तेव्हा मान खाली घातली होती. बतूलनं घातली नाही. तिनं पोरीला हाताला धरून खिडकीपाशी नेलं, हनुवटी वर केली आणि स्वतःचं बोट तिच्या तोंडात घातलं. खालचा पुढचा दात हलला. मागची दाढ दाबली तर हिरडीच्या कडेनं रक्त आलं. दात मोत्यासारखे होते. कीड नव्हती.

"कधीपासून?"

"हिवाळ्यापासून," रीम पुटपुटली.

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"तू रडशील म्हणून," रीम म्हणाली आणि स्वतःच रडायला लागली. "मला माहितीये तू मोरीत काय करतेस."

बतूलनं डागाची उशी उचलली आणि पालथी करून ठेवली.

लाल्ला रकिया आता थकली होती, पण घरातलं तिच्या कानावरून सुटत नसे. "मीठ आणि लवंग लावा," तिनं कोपऱ्यातून फर्मान सोडलं. इद्रिसनं मात्र टॅक्सीची किल्ली खिशात घातली आणि म्हणाला, "रबातला न्यायची. दातांच्या डॉक्टरांना जिथं शिकवतात तिथं. परवा एक प्रवासी सांगत होता, त्याच्या पुतणीला तिथंच बरं वाटलं."

"नको," बतूल म्हणाली. "ते उपटतील. सगळे उपटून टाकतील."

"उपटायलाच न्यायची असती तर रबातपर्यंत डिझेल कशाला जाळू? आपला मअल्लम काय वाईट आहे?"

ती हसली नाही. मग तिघं रबातला निघाली. मागच्या सीटवर रीम तिच्या खांद्याला टेकून झोपली होती आणि खड्डा आला की बतूल पटकन तिची हनुवटी हातानं सावरत होती. जणू धक्क्यानंच दात गळून पडणार होते.

हॉस्पिटलातल्या डॉक्टरीणबाईंचं नाव लुब्ना; सगळे त्यांना दोक्तोरा म्हणत. चाळिशीच्या, आवाज शांत, हात झरझर चालणारे. त्यांनी रीमला खुर्चीत बसवलं आणि एक बारीक बोथट सळई दात आणि हिरडी यांच्यामधल्या फटीत अलगद सरकवली. बतूल शेजारी उभी होती. सळई थोडी आत जाऊन थांबेल असं तिला वाटलं. पुढच्या काही दातांपाशी ती थांबलीही. पण दाढेपाशी ती आत गेली, आणखी गेली, जात राहिली. बतूलनं भिंत धरली.

"लाल्ला, तुम्ही बसा," दोक्तोरा न वळताच म्हणाल्या.

मग त्यांनी क्ष-किरणांची फिल्म उजेडापुढं धरली. राखाडी रंगात दात पांढरे उभे होते. दाढेच्या मुळाशेजारी मात्र एक काळा खड्डा होता, पार खालपर्यंत गेलेला.

"हे काय?" इद्रिसनं विचारलं.

"इथं हाड असायला हवं होतं."

"पण दात तर चांगला आहे!" बतूलच्या तोंडून गेलं. "त्याला काहीच झालेलं नाही!"

"दात चांगलाच आहे. त्याला धरून ठेवणारं जे आहे ते आजारी आहे." दोक्तोरांनी पेन घेऊन फिल्मच्या कडेवर दाखवलं. "दात हाडात खिळ्यासारखा ठोकलेला नसतो, लाल्ला. दात आणि हाड यांच्यामध्ये केसाएवढी फट असते, आणि त्या फटीत बारीक बारीक तंतू असतात, असंख्य. त्यांचं एक टोक मुळावरच्या पातळ थरात रोवलेलं, दुसरं खाचेच्या हाडात. दात त्या तंतूंवर तोललेला असतो. म्हणून तर चावताना तो जरासा दबतो आणि परत वर येतो. वरून हिरडी गळपट्टीसारखी घट्ट बसलेली, म्हणजे आत घाण जायला नको."

"आणि हिचे तंतू?"

"दाढेच्या या बाजूचे तुटलेत. हिरडीखाली जंतू शिरलेत. त्यांच्याशी लढता लढता शरीर स्वतःचंच हाड खातंय."

बतूलला फिल्मवरून नजर काढता येईना. "हे आम्हाला जन्मजात आहे का? दात बनतानाच कच्चे बनतात?"

"नाही. दात जबड्यात तयार होत असतो ना, तेव्हा त्याच्याभोवती एक पातळ पिशवी असते. मुळावरचा थर, ते तंतू आणि खाचेचं हाड, ही तिन्ही त्या एकाच पिशवीतून घडतात. मूळ लांब होत जातं, दात वर येतो, तसतसे तंतू विणले जातात. रीमचं ते सगळं नीट झालं होतं. दात आला तेव्हा भक्कम होता. बिघडलं ते नंतर." त्या थांबल्या. "शरीराचा कल घराण्यातून येतो, हे मात्र खरं. आणि जंतू एका तोंडातून दुसऱ्या तोंडात जातात. आपल्याकडं हे पुष्कळ घरांत दिसतं. तुमच्या घरी आणखी कुणाला आहे? तुमचे दात बघू."

बतूलचा हात आपोआप तोंडावर गेला.

"माझे चांगले आहेत," ती म्हणाली.

रीमनं खुर्चीतून आईकडं पाहिलं आणि नजर छताकडं वळवली. इद्रिस टोपी हातात फिरवत राहिला.

त्या दिवशी रीमच्या हिरड्यांखालून घाण खरवडून काढली. गोळ्या लिहून दिल्या, घासायचं कसं ते शिकवलं, रक्त आलं तरी थांबायचं नाही असं बजावलं. परतीच्या वाटेवर बतूल खिडकीबाहेर बघत होती, पण तिच्या डोळ्यांपुढं होता स्वतःच्या तोंडात मऊ केलेला रोटीचा घास, आणि तो घेण्यासाठी पाखरासारखं उघडलेलं रीमचं तोंड. एका तोंडातून दुसऱ्या तोंडात. पोरीच्या हाडाला लागलेली वाळवी आपल्या तोंडातून गेली असेल, हा विचार एकदा डोक्यात शिरला तो शिरलाच.

दुसऱ्या दिवसापासून तिनं स्वतःचा चहाचा पेला वेगळा केला. थाळीतून जेवणं सोडून ती एका कोपऱ्यात वाडगा घेऊन बसू लागली. रीम शाळेत निघताना गाल पुढं करायची, तेव्हा बतूल तिच्या केसांवरून हात फिरवून मागं सरायची. लाल्ला रकियाला वाटलं सून रुसली आहे. रीमला वाटलं ते आणखी वाईट होतं.

"माझी किळस येते तुला," एक दिवस ती दप्तर आपटून म्हणाली. "माझ्या तोंडाला वास येतो म्हणून तू जवळ येत नाहीस."

"नाही गं बाळा!"

"मग काय?"

बतूलला सांगता आलं असतं. शब्द ओठांपर्यंत आलेही होते. पण ते सांगायचं म्हणजे सगळंच सांगायचं, आणि तेवढं धैर्य तिच्यात नव्हतं. ती म्हणाली, "मला बरं नाही," आणि मोरीत जाऊन दार लावून घेतलं. बाहेर रीम किती वेळ उभी होती कुणास ठाऊक.

पुढच्या खेपेला दोक्तोरांनी सळई घालून पाहिली आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली. पुढचे दात सावरत होते. एका बाजूची दाढ मात्र गेल्यात जमा होती, ती काढावी लागणार होती. दुसऱ्या बाजूची वाचवायची तर हिरडी थोडी उघडून आतून साफ करायला हवी होती.

"उघडून म्हणजे कापून?" रीमनं विचारलं.

"थोडंसं. सुई देऊ, कळणार नाही."

रीमनं दोन्ही हातांनी खुर्ची गच्च पकडली आणि ओठ मिटून घेतले. दोक्तोरांनी समजावलं, नर्सनं समजावलं. इद्रिसनं नवीन सँडलचं आमिष दाखवलं. पोरगी हलेना. शेवटी बतूल पुढं झाली. "उघड ना गं तोंड. तुझ्या भल्यासाठीच ना?"

रीमचे डोळे भरून आले. दात आवळूनच ती म्हणाली, "तू कधी उघडलंस?"

दारात उभ्या असलेल्या इद्रिसनं मान खाली घातली. बतूलला वाटलं, आत्ताच्या आत्ता पळत सुटावं, जिना उतरून रस्त्यावर जावं, सफ्रूपर्यंत चालत जावं. हमामातल्या बदामाच्या वेळीसुद्धा ती इतकी घाबरली नव्हती. तेव्हा लग्न मोडलं असतं, एवढंच. आता समोर पोरगी होती, आणि तिनं ओठ मिटले होते ते हुबेहूब बतूलसारखे.

"ऊठ," बतूल रीमला म्हणाली. "मला बसू दे."

ती खुर्चीत बसली. वरचा दिवा डोळ्यांवर आला. तिनं ओढणी मागं टाकली, बोटं तोंडात घातली आणि तारा सोडवून पट्टी बाहेर काढली. पट्टी हातात आली, पण ठेवायची कुठं ते सुचेना. लाळ लागलेली ती वस्तू हातात धरून ती तशीच बसून राहिली. तेवढ्यात इद्रिस पुढं आला आणि त्यानं आपला तळहात पसरला. तिनं पट्टी त्याच्या हातावर ठेवली. त्यानं ती रुमालात गुंडाळली, खिशात न घालता हातातच धरून ठेवली.

"आ करा," दोक्तोरा म्हणाल्या.

बतूलनं तोंड उघडलं. सळई एकेका दाताशी आत जात होती आणि दोक्तोरा हलक्या आवाजात नर्सला आकडे सांगत होत्या. रीम पायाशी उभी राहून सगळं बघत होती. थोड्या वेळानं बतूलच्या घोट्यावर तिचा हात आला आणि तिथंच राहिला.

"मीच दिलं ना हिला हे?" तोंड मोकळं झाल्याबरोबर बतूलनं विचारलं. पट्टीशिवाय शब्द विचित्र उमटत होते, तरी ती बोलत राहिली. "मी तिला चावून भरवायची. दोक्तोरा, खरं सांगा."

लुब्नाबाईंनी हातमोजे काढले. "तुमच्याकडून गेलं असेल. तुम्हाला तुमच्या आईकडून आलं असेल. तिला तिच्या आईकडून. नक्की कुणीच सांगू शकणार नाही. पण तुमचं तोंड साफ झालं नाही, तर मी हिच्यावर केलेलं सगळं पाण्यात जाईल, हे नक्की सांगते."

"मग मी तिला जवळ घेऊ नको का?"

"अहो, जवळ घ्या! आधी औषध घ्या, दात घासा, आणि खुशाल जवळ घ्या."

त्या दिवशी रीमची दाढ काढली आणि दुसऱ्या बाजूची हिरडी उघडून टाके घातले. रीम रडली, पण तिनं तोंड मिटलं नाही.

बतूलच्या वाट्याला फार काही वाचलं नाही. पुढच्या काही महिन्यांत तिचे बहुतेक दात काढावे लागले. वरचे मोजकेच टिकले. नवी कवळी करायची वेळ आली तेव्हा दोक्तोरांनी तिच्या खालच्या जबड्यावरून बोट फिरवलं आणि उसासा टाकला. दात गेला की त्याची खाचही राहत नाही. दातासाठीच घडलेलं ते हाड दातामागून झिजत जातं. बतूलचं तर इतकं झिजलं होतं की कवळी बसायला धड उंचवटाच नव्हता. पहिल्या दाताला ती इथं आली असती तर, असं दोक्तोरा म्हणाल्या नाहीत. बतूलला ते न सांगताच कळलं. खालची कवळी तिला कायम सैलच राहिली. बोलताना जिभेनं धरून ठेवायची कसरत ती हळूहळू शिकली.

तामूला आणायला ती स्वतः माहेरी गेली, पण म्हातारीनं हात झटकले. "माझ्या तोंडात आता रोगाला राहायलासुद्धा जागा नाही. मला कुठं नेतेस?" माहेरपणाला आलेली हनिया मात्र ऐकत होती. तिनं काही विचारलं नाही, पण बतूल निघाली तेव्हा ती टॅक्सीपर्यंत आली आणि आपल्या धाकट्या लेकीचं नाव घेऊन थांबली. पुढं बोलवेना. बतूलनं तिचा दंड दाबला. "पाठव तिला," एवढंच ती म्हणाली.

वर्षभरानं रीमची नवी फिल्म उजेडापुढं लावली. बतूल आधी बघायलाच तयार नव्हती. इद्रिसनं कोपरानं ढोसलं तेव्हा तिनं डोळे उघडले. वाचवलेल्या दाढेशेजारचा काळा खड्डा तिथंच होता, पण आता त्याच्या तळाशी धुकं धरल्यासारखं फिकट काहीतरी दिसत होतं.

"ते हाड आहे," दोक्तोरा म्हणाल्या. "वय कोवळं आहे ना, म्हणून भरतंय. सगळं भरणार नाही. पण दात धरून राहील."

"किती वर्षं?" बतूलनं विचारलं.

"ते मी कसं सांगू? येत राहा."

बतूलची भीती गेली असं म्हणता येणार नाही. तपासणीची तारीख जवळ आली की तिचं जेवणावरचं लक्ष उडायचं. रीमनं सफरचंद चावलं की ती कान टवकारायची. मोठी झालेली रीम वैतागायची. "यम्मा, मला शांतपणे खाऊ दे!" मग स्वतःच ओठ खाली ओढून दात दाखवायची, आईनं न मागता.

हनियाची धाकटी, इज्जा, फळांच्या मोसमात आली. बारा वर्षांची, डोंगरातली, शहर पहिल्यांदाच बघणारी. गावच्या पोरी जशा नवख्या ठिकाणी गप्प होतात तशी ती रबातच्या त्या लांबलचक व्हरांड्यात बतूलला चिकटून बसली होती. तिचा एक पुढचा दात हलत होता. नर्सनं नाव पुकारलं तशी तिनं मावशीचा हात घट्ट धरला.

"खाल्ती, दुखेल का?"

बतूलनं ओढणी सावरली. खोटं बोलणं सोपं होतं, आणि ते तिला चांगलं जमायचं.

"दुखेल," ती म्हणाली. "थोडं दुखेल. मलाही भीती वाटते, दर वेळी वाटते. पण मी बाहेर थांबणार नाही. आत, तुझ्या पायाशी उभी राहीन. चल."

दोघी उठल्या आणि आत गेल्या.